वखारीच्या काट्यावरचे शनिवार

आमच्या दवाखान्यात माणसांचं वजन करायचा काटा नव्हता. तान्ह्या बाळांचा होता, झोळीचा, पण त्यात मोठं माणूस कसं बसवणार? म्हणून आम्ही क्षयाचे पेशंट शेजारच्या लाकडाच्या वखारीत न्यायचो. खरंच सांगते! दर शनिवारी सकाळी बारा जण रांगेनं वखारीत, एकेक जण साखळ्या धरून पारड्यात मांडी घालून बसायचा, दुसऱ्या पारड्यात वखारवाला कच्छी शेठ लोखंडी वजनं चढवायचा, आणि मी वहीत मण-शेर लिहून घ्यायची. मग आमच्या सिस्टर त्याचे पौंड करायच्या.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबागच्या एकेका भिंतीवर चुन्यानं ‘झालाच पाहिजे’ लिहिलेलं. पारड्यात बसलेला एखादा शेठला चिडवायचाच, "शेठ, मुंबई आमची हां!"

शेठ वजन उचलता उचलता म्हणायचा, "हां बाबा, मुंबई तुमची. पण काट्यावरून उतर आधी, गिऱ्हाइक खोळंबलाय."

आता राज्य झालंसुद्धा. परवा चाळीचाळीत दिवे लागले होते ते बघताना मला ते सगळे शनिवार आठवले, आणि एका माणसाचं न वाढणारं वजन आठवलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

थांबा, आधी दवाखाना सांगते. मिशनचा दवाखाना म्हटलं की लोकांना मोठी इमारत वाटते. आमच्या होत्या चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. काचेच्या सिरिंजा तीन, त्यातल्या एकीचा दट्ट्या सैल. स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात सुया सारख्या उकळत. डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे, बाकीचे दिवस सिस्टर, कंपाउंडरकाका आणि मी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, वरळीच्या बीडीडी चाळीतून चालत यायची, आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं.

सिस्टर परदेशातल्या. पण त्यांचं मराठी ऐकायला हवं होतं! नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या दवाखान्यात त्यांनी पंधरा-सोळा वर्षं काढली होती, तिथंच शिकलेल्या. त्यामुळे गोऱ्यापान, उंच, डोक्यावर पांढरं फडकं, आणि तोंड उघडलं की, "काय गं पोरी, भाकर खाल्ली का न्हाई?" गिरणीतले कोकणी लोक तोंडात मारल्यासारखे बघत राहायचे. दवाखानाही त्या खेड्यातल्यासारखाच चालवायच्या. काटा नाही? वखार आहे ना! बँडेज नाही? जुनं धोतर उकळा. अश्रुधूर सुटून माणसं डोळे चोळत आली की बोरिकचं पाणी संपायचं, मग त्या घागर पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "साधं पानी बी देवानंच दिलंया."

एकच गोष्ट आम्हाला खुपायची. त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर एक विलायती बिस्किटांचा डबा होता, कुलपातला. कंपाउंडरकाका चहाच्या वेळेला माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "आपण पाव बुडवायचा, बिस्किटं कपाटात. बघ हो, धर्म आहे!" मी फिस्सकन हसायची.

तर आता खरी गोष्ट. क्षयाच्या गोळ्या आम्हाला मिशनकडून यायच्या, बारा माणसांपुरत्या. तेरावा आला की त्याचं नाव वाट बघणाऱ्यांच्या यादीत. कंपाउंडरकाका वर्तमानपत्राच्या कागदात एकेका दिवसाची पुडी बांधायचे, पुडीत सात गोळ्या, आणि आठवड्याच्या सात पुड्या शनिवारी वजन झाल्यावर पेशंटच्या हातात.

त्या बारांत एक साचेवाले दादा होते. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे, गाव मालवणकडलं, बायको-मुलं गावी. लाजाळू माणूस. पहिल्या दिवशी गोळ्या घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, ह्या किती दिवस घ्यायच्या?"

मी नवीन शिकलेली, उत्साह उतू जात होता. म्हटलं, "दादा, हे औषध समजूच नका. अन्न समजा. जेवण आपण एक दिवस तरी सोडतो का? तसंच हे. रोज, न चुकता, जेवणाबरोबर."

त्यांनी मान हलवली. मला काय अभिमान वाटला स्वतःचा! सिस्टरांनीही ऐकलं आणि म्हणाल्या, "ब्येस सांगितलंस."

पण दोन महिने झाले आणि दादांचं वजन वाढेना. बाकीचे अकरा जण वर चढत होते, कुणी शेर, कुणी दोन शेर. दादा आपले तिथंच, एक मण सात शेर. एकदा सहा. खोकला पहिल्यापेक्षा जरा कमी, बस. सिस्टरांनी विचारलं, "गोळ्या घेतोस न्हवं?" तर दादा जमिनीकडे बघून म्हणायचे, "घेतो की." विचारलं की मान खाली. सिस्टरांना ते खटकलं.

दादा गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "ह्यो माणूस गोळ्या खात न्हाई. येक तर फेकतो, न्हाई तर इकतो."

"सिस्टर, विकणार नाहीत हो ते."

"मग वजन का वाढंना? भाईर नऊ जण वाट बघत्यात. येत्या शनवारी काट्यावर फरक दिसला तर ठीक. न्हाई तर त्याचं नाव खोडायचं आन् फुडल्याला घ्यायचं."

त्या बरोबर बोलत होत्या, हेच तर वाईट होतं. त्या नऊ जणांचे चेहरे मी रोज दारात बघत होते. पण नाव खोडलं म्हणजे काय, तेही मला माहीत होतं. आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावरचा एक जण तसाच गेला होता, खोकत खोकत. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

आणि नेमकी त्या शनिवारी हरताळाची हाक आली! गिरण्या बंद, दुकानं बंद, वखार बंद. म्हणजे काटाच बंद! मला आधी आनंदच झाला, चला, दादांना आठवडा मिळाला. सिस्टर दवाखाना उघडून बसल्याच होत्या. मी चालत पोचले. डिलाईल रोड सामसूम, करी रोडच्या पुलावर एक कुत्रं सोडून कुणी नाही. पोचल्यावर सिस्टरांनी बाराही जणांच्या पुड्या दोन पिशव्यांत वाटल्या आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आज त्ये येनार न्हाईत. आपन जायचं. तू ह्या गल्लीत जा, मी पलीकडं. आन् त्या साचेवाल्याची खोली नीट बघून ये. उश्याखाली गोळ्या हायेत का बघ."

मला पोलिसात भरती केल्यासारखं वाटलं. पण गेले.

दादा राहायचे ती गाळ्याची खोली. एका खोलीत अठरा गडी, सगळे आसपासच्या गावांतले. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला, त्यामुळे एका वळकटीवर दोन माणसं, आळीपाळीनं. एक उठून गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा. एरवी हे दोन पाळ्यांचे गडी पाळी बदलताना, जेवणापुरतेच एकमेकांना दिसायचे. त्या दिवशी हरताळ, म्हणून सगळे घरात, आणि खोलीत उभं राहायलाही जागा नाही. एकानं मला सांगितलं, "दादा ना? खानावळीत. जेवण चाललंय."

खानावळ म्हणजे त्याच मजल्यावरची शेवटची खोली. ती एक काकी चालवायच्या, विधवा, मालवणच्या, कासोटा घातलेल्या, आवाज असा की गिरणीच्या भोंग्याला ऐकू जाईल. मी सवयीनं उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"काय गो, कोण होया तुका? भायर कित्याक उभी?"

म्हटलं, "मिशनच्या दवाखान्यातनं आलेय. वरळीला राहते, बीडीडी चाळीत." आणि मग, विचारायच्या आधी सांगितलेलं बरं म्हणून, "आम्ही बौद्ध."

आम्ही नुकतेच झालो होतो, तेव्हा मी ते सगळ्यांना सांगायची. काकींची पळी क्षणभर आमटीत थांबली. मग म्हणाल्या, "बस थंय पाटार. माशे खातंस मगे?"

"खाते."

"मग झाला."

मी पाटावर बसले आणि समोर बघितलं. भिंतीला टेकून पंगत बसली होती. तिसरे आपले साचेवाले दादा, आणि त्यांच्या शेजारी एक बारीकसा माणूस, हाडं वर आलेली, तोंडावर टॉवेल धरून खोकत होता. दादांनी खिशातून आमची, गेल्या आठवड्यातली शेवटची पुडी काढली. कागद दोघांच्या मध्ये पसरला. तीन गोळ्या आपल्या ताटात, तीन शेजाऱ्याच्या ताटात. सातवी राहिली. मग दादांनी कनवटीचा अडकित्ता काढला, गोळी त्यात धरली आणि सुपारी कातरावी तशी कट्! बरोबर मधोमध. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. जराही चुरा सांडला नाही. किती दिवसांची सवय असेल!

मी ओरडलेच, "दादा! हे काय?"

सगळी पंगत थांबली. दादांनी माझ्याकडे बघितलं, घाबरले, पण या वेळी मान खाली घातली नाही. म्हणाले, "बाय, तुम्हीच सांगितलात ना, औषध नाही, अन्न समजा. हा माझा गाववाला. एका वळकटीवर झोपतो आम्ही, मी उठलो की तो. माझ्यासारखाच खोकतो. तो बाजूला बसलेला असताना अन्न मी एकटा कसा खाऊ?"

तो गाववाला म्हणाला, "माझी चूक, बाय. मी नको म्हणायला पाहिजे होतं."

"तू गप जेव," दादा त्याला म्हणाले.

 माझंच वाक्य! मी स्वतः, छाती फुगवून सांगितलेलं. काकी म्हणाल्या, "रडतंस कित्याक गो? आमटी थंड जाता."

दोघांना घेऊन मी दवाखान्यात परत आले. सिस्टर आधीच आल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. सिस्टरांनी लगेच गाववाल्याला बसवलं, बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं, थुंकी काचेवर घेतली. मंगळवारी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं, यालाही क्षय आहे. आणि म्हणाले, अर्धवट औषधानं रोग हट्टी होतो. आता दोघांनाही पुरतं औषध द्या, नाहीतर दोघंही हातचे जातील.

पुरतं! बाराच माणसांचं होतं आणि तेरावा आधीच दोन महिने खात होता.

डॉक्टर गेले. सिस्टरांनी किल्ली काढली, वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा खाली घेतला आणि टेबलावर ठेवून उघडला. मी आणि कंपाउंडरकाका वाकून बघायला लागलो. आत गोळ्या! काठोकाठ.

सिस्टर म्हणाल्या, "ह्यो तुमचा दोघांचा वाटा. तिकडं गावाला माझ्या हाताखालची येक पोर खोकून मेली. औषध यायला उशीर झाला. तवापासनं मी काम करनाऱ्यांचा वाटा बाजूला ठेवती. आता तुमचा हाय, म्हनून तुम्हांला इचारती. देऊ का ह्याला?"

कंपाउंडरकाकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "द्या," म्हणाले. "बिस्किटं असती तर नसती दिली."

मी तर मानच हलवत होते, किती वेळ कोण जाणे.

पण पुड्या हातात देऊन पुन्हा तेच झालं तर? अजून कुणीतरी पंगतीत खोकणार, आणि दादा पुन्हा अडकित्ता काढणार! हा प्रश्न काकींनी सोडवला. मी दोघांच्या पुड्या घेऊन खानावळीत गेले आणि सांगितलं, तेव्हा त्यांनी हात पुसून पुड्यांसाठी पुढे केला आणि म्हणाल्या, "हाड माझ्याकडे. ताटात मी वाढतंय. माझ्यासमोर गिळूक व्हयी, नायतर कढी गावची नाय." गोळ्या नाहीत तर कढीही नाही! आणि खोकणारा नवीन कुणी दिसला की काकी त्याला आधी आमच्याकडे पिटाळणार, असं ठरलं.

त्या दिवसापासून लोणच्याच्या शेजारी सात गोळ्या वाढल्या जायला लागल्या. दादांच्या ताटात सात, गाववाल्याच्या ताटात सात. अडकित्ता काकींनी जप्त केला होता, सुपारी हवी तर मागून घ्यायची. मी शनिवारी वजनं झाली की तिकडे डोकवायची आणि काकी मला न विचारता पाट टाकायच्या. तिथं खाल्लेली बांगड्याची आमटी अजून जिभेवर आहे.

पाचव्या शनिवारी दादा पारड्यात बसले. शेठनं नेहमीचा एक मण सात शेर चढवला. दादांचं पारडं हललंच नाही, जमिनीला टेकलेलं! शेठनं एक शेर टाकला. नाही. अजून एक. अजून एक. मग कुठे दांडी सरळ झाली. रांगेतले बाराही जण ओरडायला लागले, गाववाला सगळ्यांत जोरात.

"अरे, काय खाते हा माणूस?" शेठ मला म्हणाला.

मी उत्तर देणार होते, पण दादाच पारड्यातून म्हणाले, "जेवतो शेठ. आता अख्खं ताट."

"बरा, बरा. आता उतर," शेठ म्हणाला, "तुझ्या गाववाल्याला बसू दे."

मी वहीत लिहिलं, एक मण दहा शेर. आणि बारा ओळींच्या पानाखाली गाववाल्यासाठी तेरावी ओळ आखली.