कानसेनचा अनवाणी पाय

बेटावर त्यांना सगळे कानसेन म्हणत. पलीकडच्या धक्क्यावर जाणारी लाँच एकच, आणि तेहतीस वर्षं तिच्या सुकाणूवर तेच. इंजिनाकडे पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "डिझेलमध्ये पाणी आलंय." उघडून बघावं तर खरंच पाणी.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी लाँचवर चपला घालणं सोडलं. कडाक्याच्या थंडीतही अनवाणी. बायको करवादायची, "म्हातारपणी हे काय खूळ?" ते म्हणायचे, "लाँच तरी कुठं चपला घालते?"

खरं काय ते फक्त सुनेला ठाऊक. लाँचवर दोर टाकायचं, माणसं चढवायचं काम तिचं. सासऱ्यांचे कान गेले होते. फळीतून उजव्या तळपायाला जी थरथर लागायची, तिच्यावर ते इंजिन ओळखत होते; डावा पाय जुन्या दुखापतीनं बधिर होता. सुकाणू सुटलं तर हा माणूस घरात बसून झिजेल, म्हणून तिनं चकार शब्द काढला नव्हता.

मग त्यांच्या त्याच उजव्या तळपायात शिंपला घुसला. नर्सबाईंनी टाके घालून जाड पट्टी बांधली, वर रबरी बूट चढवला आणि बजावलं, "आठ दिवस घरी बसा." दुसऱ्या सकाळी गडी धक्क्यावर हजर.

अर्ध्या वाटेत इंजिन घरघरायला लागलं. सून ओरडली, "बाबा, बंद करा." ते आपले समोर बघत उभे. ती पुन्हा ओरडली. झाकणाच्या फटीतून धूर निघाला तेव्हा तिनंच धावत जाऊन इंजिन बंद केलं, नांगर टाकला. इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती; ती तिनं ओढून काढली.

वास आला तसे ते वळले. बाकावरची माणसं त्यांच्याकडेच बघत होती.

पोस्टमन म्हणाला, "कानसेन, ती केव्हाची हाका मारतेय."

"काय म्हणतोय हा?" त्यांनी सुनेला विचारलं.

ओठ दिसतील अशी ती समोर उभी राहिली. "म्हणतोय, पायात बूट आहे तुमच्या."

त्यांनी बुटाकडे बघितलं. मग सुकाणूपासून बाजूला झाले.

"इंजिन निवू दे जरा. मग तू घे. खडक मी दाखवतो."

उरलेली वाट त्यांनी पुढच्या टोकाला उभं राहून, हातानं खडक दाखवत काढली. लाँच धक्क्याला लागली. त्यांनी बूट काढला, पट्टीचा पाय फळीवर टेकवला. इंजिन थांबलं की नाही, हे कळेना तेव्हा सुनेच्या तोंडाकडे बघितलं.

तिनं मान हलवली. मग ते उतरले.