उष्टा मरवा

निजामी अंमलात आम्ही तीर्थपुरीला होतो. मोरीच्या पाण्यावर मी मरवा वाढवला होता. त्याला पांढरे तुरे आले की मधमाशा यायच्या, आणि त्याच माशा शेजारच्या वेलावर बसल्या की काकडी धरायची.

पण रोज फटफटताना एक सोवळेकरी म्हातारा यायचा. अंगावर ओला पंचा, हातात परडी. ना विचारणं, ना पुसणं. तुरा न् तुरा खुडायचा, आणि वास नाकात जाऊ नये म्हणून मान पार उलटीकडं फिरवायचा. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही ना! मोरीचं पाणी मात्र चालायचं.

एकदा मी वाट अडवली. "महाराज, माशांसाठी चार तरी तुरे राहू द्या की."

"माशी बसली की फूल उष्टं होतं, बाई. देवाला उष्टं बिलकुल चालत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उन्हाळ्यात बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळाल्या.

श्रावणात तोच म्हातारा वाटी घेऊन दारात उभा. "तुमच्याकडं माशा लई येत्यात म्हणं. पोळं कुठं हाय? पंचामृताला मध पायजे."

"मध तर माशीच्या तोंडातला, महाराज. तो चालतो?"

"मधाला उष्टं म्हणत न्हाईत, बाई." वाटी तशीच पुढं.

"मंग ऐका. पोळं गेलं उठून. देवाच्या नावानं तुम्हीच माशांच्या तोंडचा घास काढला."