उभ्या चिरीचे स्क्रू

बाळापूरच्या भगवानशेठनं मला सडकी घरगाडी विकली आणि अकोल्याच्या उकंडा मिस्त्रीनं ती सड झाकून दिली. हे आधीच सांगते, कारण पुढे मिस्त्रीबद्दल चार बरे शब्द माझ्या हातून लिहिले जातील आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाई विसरली. मी विसरलेले नाही.

जुन्या कपड्यांवर भांडी देत मी अमरावतीच्या गल्ल्या फिरले आहे. आता यात्रांमध्ये माझं भांड्यांचं मोठं दुकान लागतं. यात्रा म्हटली की मुक्काम आला, म्हणून घरगाडी घेतली. ट्रकमागे जोडून ओढायचा लांब डबा, आत भिंतीला बिजागरीवर लावलेल्या झोपायच्या फळ्या, ओटा, कपाट. शिकलेले लोक तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. भगवानशेठ यात्रांत पाळणे लावायचा, ही त्याची जुनी गाडी. मी टायर ठोकून पाहिले, खाली वाकून सांगाडा पाहिला, दारांची उघडझाप केली. आतून सगळीकडे नवा पांढरा सनमायका होता, तो पाहून खूश झाले. भाव असा पाडला की माझी मीच पाठ थोपटली. शेठ मात्र हसत होता. हरलेला माणूस हसत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

कौंडण्यपूरच्या यात्रेत आईची फळी बिजागऱ्यांसकट भिंतीतून उपटून आली. आई खाली पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सनमायक्यामागचं प्लायवूड मी बोटानं उकरलं, तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखं हातात आलं. शेठला फोन केला. "बाई, पाहून घेतली ना तुमी?" म्हणाला आणि फोन ठेवला.

उकंडा मिस्त्री अकोल्यात ट्रकच्या बॉड्या बांधायचा. सत्तरीकडे झुकलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सड त्यानंच झाकली होती, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गाडी त्याच्या आवारात नेली, तर मी काही सांगायच्या आत तो आत शिरला आणि सरळ मागच्या कोपऱ्यात, छताच्या झरोक्याखाली जाऊन उभा राहिला.

"पानी अठून येते," म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "कोनाले लागलं काय?"

मी आईचं सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"मजुरी बोला," मी म्हटलं.

"द्या काय द्याचं ते."

घासाघीस हा माझा धंदा आहे. भाव न बोलणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्यानं वसुली दुसरीकडून ठरवलेली असते. मिस्त्री वेडा दिसत नव्हता. मला वाटलं, हा आतलं चांगलं सागवान काढून विकणार. म्हणून मी रोज दारात उलटी बादली टाकून बसू लागले.

त्यानं झरोका उखडला, छताचे सांधे खरवडून पुन्हा भरले. मग छतावर पाण्याचा पाइप सोडून स्वतः आत जमिनीवर उताणा पडला आणि वर बघत राहिला. थेंब आला नाही, तेव्हाच उठला. त्यानंतर मागची भिंत सांगाड्यापर्यंत उघडी केली, सडलेल्या पट्ट्या कापून नव्या बसवल्या आणि पुढे काही करीचना. रोज यायचा, लाकडाला तळहात लावायचा आणि दुसऱ्या ट्रककडे निघून जायचा.

"मिस्त्री, मुद्दाम लांबवून राहिले काय? पुढची यात्रा आली तोंडावर."

"भिंत वली हाय, बाई."

"मला तर कोरडी दिसते."

"दिसाले त ते पयलेही कोरडीच दिसे. झाकाले घंटा लागते, वाळाले दिवस लागतात."

'पयलेही' हा शब्द मी मनात बांधून ठेवला.

भिंत वाळली तेव्हा त्यानं नवं प्लायवूड चढवलं. त्याची एक खोड होती. स्क्रू घट्ट बसला तरी त्याला समाधान नसायचं. डोक्यावरची चीर अगदी उभी येईपर्यंत तो हलकेच फिरवत राहायचा. "आडव्या चिरीत पानी बसते. उभीतून उतरून जाते," म्हणायचा. कपाटाच्या आतले स्क्रूही तसेच. आवारातला एक ड्रायव्हर त्याला चिडवायचा, "मिस्त्री, कपाटातही पाऊस पडते काय?"

"तू गाडी धुतं ना, त तुया हातानं कुठंही पडते," मिस्त्री म्हणायचा.

एका दुपारी तो जेवायला गेला असताना मी समोरच्या, अजून न उघडलेल्या भिंतीजवळ गेले. त्या भिंतीतले जुने स्क्रू भंगारात निघतील का, ते पाहायला. तोच पांढरा सनमायका, जो पाहून मी फसले. त्याच्या कडेला स्क्रूंची रांग होती आणि प्रत्येक स्क्रूची चीर उभी होती.

मिस्त्री आला. मी विचारलं, "हे स्क्रू कोणी मारले?"

"मारले असन कोनीतरी."

"अकोल्यात उभी चीर अजून कोण ठेवतं?"

तो खाली बसला. "म्याच मारले."

"सड दिसली नव्हती?"

"दिसली. शेठले सांगतलं. शेठ म्हने, इकाची हाय, झाक. म्या झाकलं."

"आणि मी गाडी घेऊन आले तेव्हा काहून नाही बोलले?"

"बोललो असतो त तुमी काम देल्लं असतं मले?"

स्क्रूंचा डबा मी आवारात भिरकावला. जे जे तोंडात आलं ते बोलले. तो एकेक स्क्रू वेचत राहिला. "मजुरी देऊ नोका," एवढंच म्हणाला. तेव्हा तर माझं डोकं आणखीच फिरलं. फुकट काम करून हा मोकळा होऊ पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वर चढवत होते आणि समोरचा खाली ओढत होता. शेवटी पैसे त्याच्या खिशात कोंबले आणि म्हटलं, "हिशेब माझ्याशी नाही. आईसमोर चला."

तो आला. अमरावतीला आईच्या खाटेजवळ खुर्चीवर बसला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. आईनं विचारलं, "लाकूड सडेल हाय हे तुले ठाऊक होतं?"

"हो, माय."

"तिथं कोनीतरी झोपन, हेही ठाऊक होतं?"

"हो."

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं त्याला माफ केलं नाही, त्यानंही माफी मागितली नाही. परत जाऊन त्यानं दुसरी भिंत उघडली, वाळवली, नवी केली. त्यानंतरचे पावसाळे गाडीत थेंब नाही. तरी एक शंका माझ्या मनातून जात नाही. मी ते स्क्रू पाहिले नसते, तर तो बोलला असता का? आता विचारायची सोय नाही. मागच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेला.

तेराव्याला मी अकोल्याला गेले. भगवानशेठही आला होता. चार लोकांत सांगत होता, "लई इमानदार कारागीर होता. माया गाडीचं काम त्यानंच केलं होतं." मी उठले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कोणतं काम? काय झाकायला सांगितलं होतं त्याला?" लोक म्हणाले, ही वेळ नाही, बाई. शेठ चप्पल शोधू लागला.

मग वेळ कोणती ते शेठनं सांगावं. माझी आई आजही भिंतीला धरून चालते. ज्यानं झाकलं, तो तिच्यासमोर बसून हो म्हणून गेला. भगवानशेठ, आता तुम्ही या आणि तिच्या तोंडावर सांगा, ते सडकं लाकूड कोणाच्या सांगण्यावरून झाकलं होतं.