साहेबांची अर्धवट राहिलेली मॅच

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तसंच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या आमच्या ऑफिसातले साहेब अमेरिकन होते. साठीचे, एकटे, मोजकं बोलणारे. रोज कामाआधी, सव्वाआठला, ते केबिनमध्ये बेसबॉलच्या जुन्या मॅचेसची रेडिओ कॉमेंट्री ऐकत. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या मॅचेस, कोणीतरी टेप जपून इंटरनेटवर चढवलेल्या. खरखर, मधूनच सिगारेटची जाहिरात, आणि दिवसभरात दुसरं काही कामच नसल्यासारखा निवेदकाचा निवांत आवाज.

एकदा कागद द्यायला गेलो आणि दारातच थांबलो. म्हटलं, "आमच्याकडे क्रिकेटची कॉमेंट्री अशीच चालायची, सर. वडील रेडिओला कान लावून बसायचे." साहेबांनी समोरची खुर्ची दाखवली. तेव्हापासून खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घ्यायच्या आणि त्या खुर्चीत जाऊन बसायचं, हा माझा नेम झाला.

मी काही फार निरागस नव्हतो. जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ते वाढलं नाही तर एम्प्लॉयमेंट पास गेला, मुलीची शाळा गेली, गाशा गुंडाळून परत पुणे. आणि सही साहेबांची. बायकोने सरळ सांगितलं, "बस तिथे. नाही कळलं तरी मान हलव."

नुसती मान हलवून भागलं असतं. पण विषय समोर आला की अभ्यास करायचा, ही आमची जन्माची खोड. एमआरटी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या मी बेसबॉलचे नियम पाठ केले. एकदा म्हणालो, "आता पिचर बदलतील." चेंडू टाकणारा खरंच बदलला. साहेब हसले. त्यांना हसताना ऑफिसात कोणी पाहिलं नव्हतं. मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

एप्रिलमध्ये साहेबांना ते कित्येक वर्षं शोधत असलेली एक मॅच सापडली. दहा वर्षांचे असताना ती ते वडिलांबरोबर ऐकत होते. सातव्या इनिंगला आजोबा गेल्याचा निरोप आला आणि वडिलांनी रेडिओ बंद केला. पुढे काय झालं ते साहेबांनी मुद्दाम कधी शोधलं नाही. इतकी वर्षं! वर्तमानपत्र नाही, पुस्तक नाही, कोणाला विचारणं नाही. आता ते रोज एक इनिंग ऐकणार होते. नऊ इनिंग, नऊ सकाळी. "तू ये," म्हणाले. "तुलाही निकाल माहीत नाही, हे चांगलं आहे."

यापेक्षा स्पष्ट माणसाने काय सांगायचं?

सातवी इनिंग झाली त्या संध्याकाळी मी निकाल शोधून काढला. का, ते आजही मला धड सांगता येत नाही. धडा अर्धवट वाचून परीक्षेला बसणं जमत नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी आठव्या इनिंगमध्ये साहेबांची टीम मागे पडली. ते टेबलावर पुढे झुकले, हात एकमेकांत गच्च. मला त्यांची दया आली. हो, दयाच. मी म्हणालो, "काळजी करू नका, सर. नवव्या इनिंगला होम रन आहे. आपण जिंकतो."

आपण! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

साहेबांनी कॉमेंट्री थांबवली. "थँक यू," म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले. त्यांची कोपी भरलेलीच राहिली. घरी सांगितलं तर बायको कपाळाला हात लावून बसली, आणि लेक म्हणाली, "बाबा, यू स्पॉइल्ड इट, लाह! हू डज दॅट?"

त्यानंतर सकाळी केबिनचं दार बंद असायचं. आतून आवाजही येत नसे. मी दोन महिने धड झोपलो नाही. शाळेची चौकशी करायला पुण्याला फोनही करून झाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एचआरने पाकीट दिलं. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांसाठी वाढलं होतं. मी धावतच आभार मानायला गेलो.

"त्यात माझं काही नाही," साहेब म्हणाले. "तुझं काम चांगलं आहे. सही मी मार्चमध्येच केली होती."

मार्चमध्ये! मला संताप आला. तेव्हाच सांगितलं असतं तर या माणसाचं काय बिघडलं असतं? मग मी आपला गप्प बसलो असतो, काही न शोधता, काही न बोलता.

साहेबांनी मान वर केली नाही. "मला वाटत होतं," ते म्हणाले, "तू ऐकायला येतोस."

येत होतो. सुरुवातीला नाही, पण पुढेपुढे खरंच त्या खरखरीसाठी येत होतो, सकाळ व्हायची वाट बघत होतो. पण ते पाकीट हातात धरून हे कोणत्या तोंडाने सांगणार?