घडीवर उभी राहिलेली कवडी

शिकलेल्या पोराने आईची बाजू घेतली, असे आमच्या गावात अजूनही बोलले जाते. मी काय केले ते एकदा लिहूनच ठेवतो.

हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ आमच्या गावात दिवाळीच्या पाडव्याला मारुतीच्या पारावर सारीपाट मांडतात. घरटी एक माणूस खेळतो. जो जिंकेल त्याच्या घरी तो कापडी पट वर्षभर राहतो आणि पुढच्या पाडव्याला पहिले दान त्याच घराचे. आमच्या घरातून वडील खेळायचे. ते गेल्यावर आई येऊन पटावर बसली. लोक हसले. "बाईमाणसाचं काय काम हितं?" कुणीतरी म्हणाले. "घरटी एक म्हंजी घरटी एक," एवढेच आई बोलली. कवड्या तिला लहानपणापासून ठाऊक होत्या. मेंढरे दुपारी झाडाखाली बसली की तिच्या माहेरच्या बायका मातीत पट आखून खेळायच्या.

त्या वर्षी डावाच्या जुन्या पंचांना दिसेनासे झाले होते. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. "ह्यो हिंगोलीला शिकून आलाय, ह्याला बसवा," असे ठरले. आईने मेंढरे राखून मला शिकवले हे सगळ्यांना माहीत होते, आणि मीही ते कधी लपवले नाही.

शेवटचा डाव आई आणि माजी सरपंच यांच्यात लागला. ते भावकीतले, माझे चुलते, आईचे भावजी. आईची एकच सोंगटी बाहेर राहिली होती आणि तिला घरात जायला चार हवे होते. चुलत्यांचीही एकच उरली होती. आईने सहा कवड्या ओंजळीत खुळखुळवून टाकल्या. तीन उताण्या पडल्या, दोन पालथ्या. सहावी पटाच्या घडीला टेकून कडेवर उभी राहिली. उताण्या तेवढ्याच मोजायच्या असतात, त्यामुळे सगळा डाव त्या एका कवडीवर आला.

अशा वेळी गावचा नियम सरळ आहे. पंचाने कवडीला हात लावायचा नाही. पटाची टोके धरून घडी हळूच ताणायची आणि कवडी पडेल तशी मोजायची. मी घडी ताणली. कवडी उताणी पडली.

"चार," मी म्हणालो.

"कसं वढलं ते बघितलं का?" चुलते ओरडले. "आईचे उपकार फेडून राहिला लेकाचा!"

पारावर हशा झाला. शेजारी बसलेले गुरुजी, ज्यांनी मला अक्षरे शिकवली, माझ्या कानाशी म्हणाले, "परत टाकायला लाव. वाद मिटेल, आणि तुझंही नाव राहील."

आईने ते ऐकले. तिने कवड्यांकडे हात नेला. "काहून भांडता? टाकते की परत. चार पाडू का पाच, सांगा भावजी."

"आई, हात लावू नको," मी म्हणालो. तिच्यावर आवाज चढवायची ती माझी पहिलीच वेळ. "दान पडलंय."

दुसऱ्या कुणाची आई असती, तर गुरुजींनी मला हा सल्ला दिला नसता. मी निःपक्षपाती दिसावे म्हणून तिने पडलेले दान सोडायचे, हा कुठला न्याय? तिचे उपकार माझ्यावर आहेत. ते कवड्यांनी फिटणारे नाहीत. पण ते आहेत म्हणून तिच्या चाराचे तीन करायला मी पंच झालो नव्हतो. तेव्हा एवढे नीट बोलायला मला सुचले नाही. मी फक्त आणखी मोठ्याने "चार" म्हणालो आणि आईला सोंगटी चालवायला सांगितली. तिने एकेक घर मोजत ती मधल्या घरात नेऊन ठेवली.

चुलते पटाच्या कोपऱ्यावर गुडघा रोवून बसले. "पट कसा नेता तेच बघतो."

आईने कवड्या-सोंगट्या गोळा केल्या आणि उरलेल्या बाजूंनी पट दुमडत दुमडत थेट त्यांच्या गुडघ्यापर्यंत आणला.

"भावजी, गुडघा उचला. का तुमाला बी घडीत घेऊ?"

या वेळी लोक त्यांना हसले. त्यांनी गुडघा उचलला.

पुढच्या पाडव्याला पंच म्हणून मला कुणी बोलावले नाही. नको तर नको. पट मात्र आमच्याच घरून न्यावा लागला, आणि पहिले दान आईने टाकले.