टणकचा अंगठा

आमच्या ह्यांना सगळे टणक म्हणतात. स्वभावावरून नाही हं. स्वभावाने हे इतके मऊ, की कोणीही यावं आणि गुंडाळून खिशात घालावं. नाव पडलं ते सायकलच्या हवेवरून. पंप बाजूला ठेवायचा, मागच्या चाकावर उजवा अंगठा रोवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "टणक. जा." तीस वर्षं हेच. हवा भरून झाली तरी तो शब्द कानावर पडल्याशिवाय गिऱ्हाईक सायकल हलवायचं नाही.

मी त्यांची बायको. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे चुलीशी उभ्या उभ्या मला सायकलींचं सगळं शास्त्र फुकटात शिकायला मिळालं. पुढच्या चाकात हवा जरा कमी, मागच्यात जास्त, कारण माणसाचं वजन मागे पडतं. कॅरिअरला ओझं बांधणार असाल तर आणखी थोडी. ट्यूब धड असली तरी हवा हळूहळू जातेच, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी बघा. हे सगळं हे प्रत्येकाला सांगायचे. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आमच्या लेकीने मागच्या वर्षी एक नवा पंप आणला. पोरगी भारी चिकित्सक. तीन दुकानं पालथी घातली. पिशवीत मावणारा चिमुकला पंप तिने हातातसुद्धा धरला नाही. म्हणाली, त्याने एक चाक भरेपर्यंत दंड गळून पडतील. पायाने दाबून धरायला रुंद बूड, लांब नळी, हवा न सोडता घट्ट बसणारं तोंड आणि हवा किती ते दाखवणाऱ्या काट्याची, लांबूनही दिसेल अशी मोठी तबकडी, असा उभा पंप तिने निवडला. ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही घरात कोणी न विचारता मुक्कामाला आलंय. म्हणाले, काट्याला काय कळतं टायर जुना की नवा, माणूस जाडा की बारीक? आणि पंप कोपऱ्यात पोत्याखाली गेला.

ह्यांना साखर आहे. हातापायांच्या नसांकडे लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. एके दिवशी ह्यांनी चहाचं तापलेलं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं. अंगठ्याला टम्म फोड आला, तरी हे आपले शांत. मी वर हसले. म्हटलं, काय हो, गेंड्याची कातडी आहे की काय? हेही हसले. मग शर्टाची बटणं वरखाली लागायला लागली. मी म्हटलं, एवढी घाई कसली? मी स्वतःला फार शहाणी समजते, आणि माझ्या डोळ्यांदेखत माणसाच्या हातातली जाण गेली. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लेक एका लॅबमध्ये कामाला आहे. घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, रक्त घ्यायचं, नळ्या पेटीत नीट लावायच्या आणि पेटी कॅरिअरला बांधून आणायची. त्या सोमवारी सकाळी ह्यांनीच तिच्या चाकांत हवा भरली. अंगठा रोवला, डोळे मिटले, म्हणाले, "टणक. जा." परतीच्या वाटेवर, पुलाच्या उताराला, खणून बुजवलेल्या रस्त्याच्या कडेवर मागचं चाक आपटलं आणि सायकल आडवी झाली. लेकीच्या हनुवटीला चार टाके पडले. अकरा नळ्या फुटल्या. अकरा जणांना पुन्हा सुई टोचावी लागली. त्यातल्या एका आजींची शीर सापडायलाच अर्धा अर्धा तास लागतो. पोरगी रडली ती त्या आजींसाठी, टाक्यांसाठी नाही.

लॅबच्या मोठ्या बाईंनी तिला घरी बसवलं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की मुलगी उतारावर भरधाव येत होती, फोन कानाला होता. लेक सांगत राहिली, मी ब्रेक दाबून हळू येत होते, मागचं चाक आपोआप सटकलं. कोण ऐकतंय? पुढच्या सोमवारी निकाल लागायचा होता. बेफिकिरी ठरली की नोकरी गेली, आणि रक्ताच्या नळ्या फोडणारीला दुसरी लॅब दारात उभी करणार नाही.

सायकल पडली त्याच दुपारी ह्यांनी तिच्या मागच्या चाकाची ट्यूब काढली, फुगवली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे दोन ठिकाणांहून आले. दोन चिरा, शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर. मी दारात उभी होते. एक भोक असलं तर खिळा नाहीतर काच, हे मलाही कळतं. अशी जोडीने चीर पडली की समजायचं, चाकात हवाच कमी होती. रस्त्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये ट्यूब चेचली गेली. अशी ट्यूब घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच फैलावर घ्यायचे.

ह्यांनी ट्यूब पुसली, घडी घातली आणि म्हणाले, "काच असेल." ट्यूब ड्रॉवरमध्ये गेली. मी गप्प राहिले. वाटलं, बाप आहे, संध्याकाळपर्यंत बोलेल. संध्याकाळी लेकीने स्वतःच विचारलं. तोंड धड उघडत नव्हतं तिचं.

"बाबा, हवा तर टणक होती ना?"

"होती," हे म्हणाले.

लेकीने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर आमच्या घरात जे दिवस गेले ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. पोरगी सारखा तो उतार आठवायची. मीच काहीतरी केलं असणार, म्हणायची. हे ताटावरून अर्धपोटी उठायचे. मी भांडी आदळायची. बोलत कोणीच नव्हतं, आणि मीही त्यात होते, हे कबूल करायला हवं.

शनिवारी दुपारी दुकानाचं दार अर्धं लोटलेलं दिसलं म्हणून मी आत डोकावले. पोत्याखालचा पंप बाहेर आला होता. दुरुस्तीला आलेल्या पाच सायकली भिंतीला टेकवलेल्या. हे एकेका चाकावर अंगठा दाबत होते, डोळे मिटून आकडा पुटपुटत होते, मग पंप लावून काटा बघत होते. आकडा चुकायचा. पुन्हा पहिल्यापासून. निम्म्याहून कमी हवेच्या चाकाला ह्यांनी टणक म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मग ह्यांनी अंगठा तोंडात घातला आणि करकचून चावला. रक्त आलं. ते रक्ताकडे बघत बसले, दुसऱ्याच कोणाच्या बोटाकडे बघावं तसे.

मी धावत जाऊन हात ओढला. ह्यांनी मान वर केली. "काहीच कळत नाही गं. लाकूड दाबल्यासारखं वाटतं. गेलं वर्षभर." मग हळूच म्हणाले, की हे बाहेर फुटलं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही, आणि ह्या वयात मला दुसरं येतं काय?

माझं टाळकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं आता सांगवत नाही. वर्षभर आंधळेपणाने लोकांच्या चाकांना हात लावलात, स्वतःच्या पोरीला उतारावरून खाली लोटलंत आणि वर तिच्या तोंडावर हवा होती म्हणालात, इथपर्यंत बोलले. हे पंपाच्या दांड्यावर कपाळ टेकून रडले. स्वतःची आई गेली तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. मला त्यांची दया येत होती आणि त्याच वेळी दोन रट्टे द्यावेसे वाटत होते.

सोमवारी लेक लॅबमध्ये गेली. तिच्या मागोमाग आम्ही दोघं. ह्यांच्या पिशवीत ट्यूब आणि जुना पंप. मोठ्या बाई काही विचारायच्या आत ह्यांनी हात धुवायच्या बेसिनमध्ये पाणी भरलं, ट्यूब फुगवून आत दाबली आणि दोन्हीकडचे बुडबुडे दाखवले. जोडीची चीर कशी पडते, ते गिऱ्हाइकाला समजावतात तसं समजावलं. 

"हवा मी भरली होती. अंगठ्याने. माझा अंगठा मेलाय बाई. पोरीची काही चूक नाही."

बाईंनी ट्यूब दोनदा उलटसुलट करून बघितली. नोकरी राहिली. एकच अट घातली, की रोज निघायच्या आधी काट्यावर हवा बघायची आणि वहीत टिपायची. लेक खुर्चीवरून उठली आणि बापाकडे न बघता बाहेर गेली. घरी आल्यावर माझ्यापाशी म्हणाली, आठ दिवस मी स्वतःलाच विचारत होते कुठे चुकले, आणि बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुलाही. 

बातमी गावभर व्हायला दोन दिवस पुरले. गिऱ्हाईक निम्मं तुटलं. जे येतात ते लेकीचा पंप ओढतात, काटा बघतात, स्वतःच हवा भरतात आणि जातात. शब्दासाठी कोणी थांबत नाही. हे स्टुलावर बसून पान्हे पुसत राहतात. पुसलेलेच पुन्हा पुसतात. लेक माझ्याशी कामापुरतं बोलायची, बापाशी तेवढंही नाही. रोज सकाळी मागच्या अंगणात स्वतःच चाकं भरायची आणि मागच्याच दाराने जायची. आत पंपाचा आवाज यायचा. हे हातातला पान्हा खाली ठेवून तो ऐकायचे. मला ते बघवायचं नाही.

असे वीस-बावीस दिवस गेले. मग परवा सकाळी तिने हवा भरली, वहीत टिपलं, आणि सायकल मागून न नेता दुकानात आणली. मागचं चाक ह्यांच्या स्टुलासमोर येईल अशी टेकवली.  पेटी आणायला आत गेली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ह्यांनी अंगठा चाकावर टेकवला, डोळे मिटले.  शेवटी मला राहवेना.

"कळतंय का काही?"

"नाही."

पण अंगठा उचलला नाही. लेक आली. तिने पेटी बांधली, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि हँडल धरून उभी राहिली. निघायला कोणी अडवलं नव्हतं, तरी निघेना. ह्यांच्या तोंडून तो शब्द काही बाहेर पडत नव्हता. 

"बाबा," ती म्हणाली, "उशीर होतोय मला."

"काटा बघितलास?"

"बघितला."

"मग टणक आहे. जा."

ती गेली. सायकल वळणाआड गेली तरी ह्यांचा अंगठा होता तिथेच होता, हवेत, चाक दाबून धरल्यासारखा.