यास्मिनचं सातवं प्रॅक्टिकल

यास्मिन शेख गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, चला, आता वर्गातली मुलं माझ्या तासाला येतील. शी! स्वतःचीच किळस आली. पण आलं ते आलं... दीड महिना झाला, आता लिहूनच टाकते.

वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी शिकवत होतो. ती पुण्यातल्या कसबा पेठेतून निघायची, मी शनिवार पेठेतून, बस एकच. मजकूर गुप्त करण्याच्या पद्धती हा तिचा विषय. एकच उतारा तीन पद्धतींनी कुलूपबंद करायचा आणि सॉफ्टवेअरला विचारायचं, कुठलं अक्षर किती वेळा आलं? कच्च्या पद्धतीत पडद्यावरच्या आलेखात प्रत्येक अक्षराचे खांब उंच-बुटके दिसतात, तिथूनच कुलूप फुटतं. पक्क्या पद्धतीत सगळे खांब एका उंचीचे. एवढंच की हो! पण तिच्या तासाला मुलं दाटीवाटीने बसायची आणि माझ्या तासाला मागचे बाक रिकामे. मी जळायचे, उघड उघड जळायचे. "तुमच्याकडे काय बाई, रोज जत्रा!" म्हणायचे. ती हसून डबा पुढे करायची. तिची भेंडीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली व्हायची.

मग विभागप्रमुखाची जागा निघाली. नावं दोनच, तिचं आणि माझं. मी हट्टाने स्वतःची एक पद्धत रचली आणि प्राचार्यांसमोर मांडली. खांब सपाट, अगदी पक्क्या पद्धतीच्या तोडीस तोड. टाळ्या पडल्या. यास्मिन पहिल्या रांगेतून पडद्याकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने हळूच विचारलं, "सुलभाताई, फाईल आधी झिप केली होती का?"

"का हो, पोटात दुखतंय तुमच्या?" मी म्हणाले.

घरी येऊन तपासलं... केली होती. कॉलेजात न्यायला सोपी म्हणून फाईल दाबून लहान केली आणि तशीच माझ्या पद्धतीला दिली. दाबलेल्या फाईलचे खांब मुळातच सपाट असतात. माझ्या पद्धतीने काही म्हणजे काही केलं नव्हतं. मी तोंड मिटून बसले आणि जागा मला मिळाली. नऊ वर्षं यास्मिन माझ्या हाताखाली राहिली, चारचौघांत मला मॅडम म्हणाली, कुणाकडे एका शब्दाने बोलली नाही. मला त्याचाही हेवाच वाटला. एवढं मन हिलाच का दिलं?

गेल्या आठवड्यात तिची लॅब मी घेतली. कपाटात तिच्या अक्षरातले प्रॅक्टिकलचे कागद होते. सातव्यावर प्रश्न होता, 'झिप केलेली फाईल आणि कुलूपबंद फाईल, दोन्हींचे खांब सपाट. मग दोन्ही सुरक्षित का?' माझं नाव कुठेही नव्हतं. मुलांनी पाच मिनिटांत उत्तर काढलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण इतकी सिली मिस्टेक कोण करणार?"

"मी केली," मी म्हणाले. "त्यावर विभागप्रमुख झाले. ती खुर्ची तुमच्या शेख मॅडमची होती."

वर्ग हसला. थट्टाच वाटली त्यांना. यास्मिनचं एका वाक्यात पटलं असतं! मग मी माझी ती पद्धत पडद्यावर लावली आणि तिला साधा मजकूर दिला. खांब उंच-बुटके उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

राजीनाम्याच्या अर्जात कारणासाठी दोनच ओळी सोडल्यात. तिथे हा लेख जोडतेय.